हेल्थ चेकने डेटाबेसला हात लावावा का?

धागा :
माझं मत, अजिबात लावू नये. हेल्थ चेक म्हणजे लोड बॅलन्सरने (सर्व्हरांमध्ये ट्रॅफिक वाटणाऱ्याने) ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरला विचारलेलं 'ठीक आहेस का?'. त्यावरून तो फक्त एवढंच ठरवतो की ट्रॅफिक या सर्व्हरकडे पाठवायचं की दुसऱ्याकडे. डेटाबेस तर सगळ्यांचा एकच. तो अडखळला की सगळेच नापास, मग दुसरा आणायचा कुठून? एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) एएलबी या लोड बॅलन्सरवर डीफॉल्ट आहे ३० सेकंदांनी एक तपासणी आणि सलग २ अपयशं, म्हणजे मिनिटभरात पूर्ण टारगेट ग्रुप (त्यामागच्या सर्व्हरांचा गट) लाल, म्हणजे नापास. त्यात ऑटो स्केलिंगला (मशीन आपोआप वाढवणारी, बदलणारी सेवा) ईएलबी हेल्थ चेक, म्हणजे लोड बॅलन्सरचाच निकाल, जोडलेला असेल तर तो धडधाकट मशीन पाडून नवी उभी करतो. नवी मशीन चढताच आपापले कनेक्शन पूल (डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांचे साठे) उघडतात आणि आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसच्या छातीवर बसतात.

प्रतिसाद १ :
असहमत. नुसतं २०० ('ठीक' सांगणारा एचटीटीपी कोड) परत करणारा पाथ म्हणजे प्रोसेस जिवंत असल्याचा दाखला, काम करते की नाही याचा नव्हे. एकाच सर्व्हरवर डेटाबेसचा जुना पासवर्ड राहिला तर तो प्रत्येक रिक्वेस्टला चटकन ५०० (सर्व्हर चुकल्याचा कोड) देतो. ट्रॅफिक वाटायचा अल्गोरिदम 'लीस्ट आउटस्टँडिंग रिक्वेस्ट्स' (ज्याच्याकडे अपुऱ्या रिक्वेस्ट कमी, त्याला पुढची) असेल तर मजाच! हा सर्व्हर कायम मोकळा दिसतो, म्हणून सगळ्यात जास्त ट्रॅफिक त्यालाच. आणि सगळे नापास झाले तर एएलबी फेल-ओपन होऊन सगळ्यांकडे पाठवतोच की.

धागाकर्ता :
सगळे नापास झाले तरच. तपासण्या एका ठोक्यात पडत नाहीत. १० पैकी ९ बाद झाले की उरलेल्या एकावर पूर्ण भार. जुना पासवर्ड हवा तर सुरू होतानाच तपासा, जोडणी झाल्याशिवाय २०० देऊ नका.

प्रतिसाद २ :
पासवर्ड मध्येच बदलला तर? ९-१ वर उपाय आहे : टारगेट ग्रुपमध्ये किमान हेल्दी टक्केवारी ५० ठेवा, त्याखाली गेलं की फेल-ओपन. डेटाबेस तपासायचाच तर बॅकग्राउंड थ्रेडमधून (मागे स्वतंत्र चालणाऱ्या कामातून), आणि चेकने फक्त शेवटचा निकाल वाचावा. चेक अ‍ॅपच्याच पूलमधून कनेक्शन मागत असेल तर गर्दीत ५ सेकंदांचा टाइमआउट उलटतो, सर्व्हर बाद होतो, त्याचा भार शेजाऱ्यावर, मग शेजारीही बाद.



धागाकर्ता :
बॅकग्राउंड थ्रेडचं मान्य. पण ती टक्केवारी फक्त राउटिंगपुरती. ऑटो स्केलिंग तिला जुमानत नाही, लाल दिसलेली मशीन पाडतोच. डेटाबेस चेकमध्ये घेणार असाल तर ऑटो स्केलिंगचा हेल्थ चेक ईसी२ प्रकारावरच (फक्त मशीन धड आहे का बघणारा) ठेवा.