मासेमारी बंदराची जोखीम-नोंदवही: ५×५च्या तक्त्यावर किती भिस्त ठेवायची?

नवा_धक्केवाला:
मासेमारी बंदराची सुरक्षितता आणि पर्यावरण, दोन्हींची मिळून एकच जोखीम-नोंदवही करायचं काम माझ्याकडे आलंय. तक्ता नेहमीचाच, शक्यता गुणिले परिणाम, दोन्हींना १ ते ५ गुण. भरून पाहिला तर ओल्या धक्क्यावर घसरण्याला ५×२ म्हणजे १० गुण, आणि बोटीच्या पोटातल्या मासळी साठवायच्या खणात गुदमरून मरण्याला १×५ म्हणजे ५. वरिष्ठ म्हणतात, ज्याला गुण जास्त त्यावर आधी खर्च करा. मला हे पटत नाहीये, पण त्यांना समजावू कसं?

निवृत्त_सुरक्षाधिकारी:
आधी सांगा, खणासाठी शक्यता १ आली कुठून? अजून कुणी मेलं नाही म्हणून? मग ती शक्यता नाही, नशीब आहे. खणाच्या तळाशी मासळीचं पाणी कुजलं की प्राणवायू घटतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस शिडी उतरतो. तो कोसळला की दुसरा त्याला काढायला धावतो, त्याच्या मागे तिसरा. तुमच्या तक्त्यात मात्र एकच मृत्यू.

मी साधा नियम ठेवला होता: परिणाम ५ असेल तर गुणाकार करायचाच नाही. उपाय जागेवर आहे की नाही, एवढंच लिहायचं. खणाबाबत उपाय म्हणजे आधी हवा खेळवणं, मग वायू मोजायचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजणं, कारण हा वायू हवेपेक्षा जड. प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली आत पाऊल नाही. वर एक माणूस, आणि त्याने कोणत्याही परिस्थितीत खाली उतरायचं नाही. हे शेवटचं पाळून घेणं सगळ्यात अवघड, डोळ्यांदेखत सोबती पडलेला असतो.

पर्यावरणाची बाजू या तक्त्यात बसतच नाही. तिथे एखादी घटना घडत नाही, रोज थोडंथोडं चालू असतं. बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या तेलकट पाण्यात साबण ओतला की तेलाचा तवंग दिसेनासा होतो आणि सगळे खूश! तेल तिथेच असतं, बारीक थेंब होऊन. मग तेल-पाणी वेगळं करणाऱ्या विभाजक यंत्रालाही ते वेगळं करणं जड जातं. आणखी एक बघा. मासळी धुतलेलं पाणी गोदीत जिथे पडतं आणि धुण्यासाठी पाणी जिथून खेचतात, त्या दोन जागांत अंतर किती? बंदिस्त गोदीत पाणी फारसं हलत नाही, म्हणजे तेच घाण पाणी परत मासळीवर.

तांडेल:
मीटर बंदरात आहे हो, पण ऑफिसच्या कपाटात. आम्ही धक्क्याला लागतो पहाटे, तेव्हा ऑफिसला कुलूप. आणि फाटक्या जाळ्यांचा डबा पार फाटकापाशी. भिजलेलं जाळं तिथवर ओढत कोण नेणार? जाळी समुद्रात टाकायला मारपोलची (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार) बंदी १९८८ पासून आहे, ठाऊक आहे. पण डबा बोटीजवळ ठेवा की! पाहणीला यायचं तर मासळी उतरवताना या, दुपारी धक्का धुतल्यावर नाही.

शीतयंत्र_फिटर:
बर्फ कारखान्यात गारव्यासाठी अमोनिया वापरत असतील तर तोही गुणाकारातून बाहेर काढा. ३०० पीपीएमला जिवाला धोका. गळती झाल्यावर जमायची जागा एकच ठरवू नका; वारा फिरला तर माणसं थेट ढगात जातील. दोन ठेवा, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंचावर लावा. पाण्याचा फवारा वाफेवर चालतो, सांडलेल्या द्रव अमोनियावर मुळीच मारू नका, वाफ आणखी वाढते.

नवा_धक्केवाला:
मीटर किती घेऊ? आणि ठेवू कुणाकडे?

निवृत्त_सुरक्षाधिकारी:
दोन. एक कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता जुळवून घ्यायला गेला तर दुसरा हाताशी हवा. ठेवा पहाटपाळीच्या मुकादमाकडे, आणि वापरण्याआधी रोज चाचणीच्या वायूवर तपासून घ्यायला शिकवा. कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच द्या.