चर्चा: गावोगावच्या कृषी सहाय्यकांचं काम पाहणाऱ्या कृषी पर्यवेक्षकांना (आताचं पदनाम उप कृषी अधिकारी) कोणतं प्रशिक्षण हवं, हे ठरवायचं कसं?

शिवारफेरी: जो मोकळा असेल त्याला प्रशिक्षणाला धाडायचं, हे थांबायला हवं. प्रशिक्षणाची गरज मोजणाऱ्या बोरिच पद्धतीचा तक्ता प्रत्येक पर्यवेक्षकाकडून भरून घ्या. प्रत्येक कामापुढे 1 ते 5 मध्ये दोन आकडे: काम किती महत्त्वाचं आणि मला किती जमतं. पहिल्यातून दुसरा वजा करा, उरलेल्याला सगळ्यांनी दिलेल्या महत्त्वाच्या सरासरीने गुणा. कीड सर्वेक्षण महत्त्व 5, जमतं 3, सरासरी 4.6, तर गुण 9.2. जास्त गुणांचं काम आधी शिकवा.

काळीभोर: 'मला किती जमतं' हा आकडाच कच्चा आहे. साहेबांकडे जाणाऱ्या कागदावर 2 कोण लिहील? आणि ज्याला स्वतःची चूक दिसत नाही, तो मनापासून 5 लिहितो. गुलाबी बोंडअळीचं बघा. कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग किंवा 10 टक्के किडलेली बोंडं, ही नुकसान पातळी (जिथे उपाय करायलाच हवा) सगळ्यांना पाठ असते. पण अळी आत शिरली की छिद्र बुजतं, वरून बोंड निरोगी दिसतं. म्हणून शेतभर फिरून 20 झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडून ती भुईमुगाच्या शेंगेसारखी टिचवावी लागतात. 2 बोंडांत अळी म्हणजे पातळी गाठली. बांधालगतचीच बोंडं घेतली, सापळ्यातलं जुनं ल्यूर (पतंगांना ओढणारी गंधाची गोळी) बदललंच नाही, तर आकडा येतो पण खोटा. हे शेतात उभं राहूनच कळतं.

शिवारफेरी: बोंडं टिचवणं हे सहाय्यकाचं काम. पर्यवेक्षकाने त्याची नोंद तपासून चूक समजावायची असते, तेव्हा परीक्षाही या तपासण्या-समजावण्याचीच घ्या. सहाय्यकाने पाहिलेल्या प्लॉटवर त्याच दिवशी पर्यवेक्षकाची वेगळी मोजणी, मग फरक का पडला हे त्याने सहाय्यकाला सांगायचं, तिसऱ्याने नुसतं ऐकायचं. पण प्रत्येक कामाची अशी परीक्षा घ्यायला हंगाम पुरणार नाही. सहाय्यकांकडूनही पर्यवेक्षकाबद्दल निनावी तक्ता घ्या. दोन तक्त्यांत जिथे मोठी तफावत, तिथेच ही परीक्षा.

मृगसरी: जमत नाही आणि करायला सवड मिळत नाही, यांत फरक आहे. सोयाबीनचे 100 दाणे, ओल्या गोणपाटावर 10-10 च्या 10 ओळी, गुंडाळी सावलीत: ही उगवण चाचणी बिनचूक करून दाखवणाऱ्याच्या गावांत ती पेरणीआधी होतच नसेल, तर पुन्हा शिकवून काय उपयोग? त्याचे दिवस पोर्टलवरच्या अर्जांत जात असतील. तिसरा रकाना घाला: गेल्या हंगामात किती वेळा केलं?

काळीभोर: हा रकाना मान्य, फक्त आठवणीवरून नको, दैनंदिनी पाहून भरा. निनावी तक्त्याचं मात्र अजून पटत नाही. हाताखाली पाच-सहाच सहाय्यक, अक्षरावरून माणूस ओळखू येतो. निदान हाताने लिहून घेऊ नका, आणि पर्यवेक्षकाला सुटे तक्ते न दाखवता फक्त सरासरी दाखवा.