हर्नियाच्या ऑपरेशनआधी वजन उतरवा म्हणतात, खरंच गरज आहे?

डिचोलीकर:
आई ५८ वर्षांची, उंची १५६ सेंमी, वजन १०२ किलो. बेंबीजवळ हर्निया, शुगर आहे, रात्री जोरात घोरते. सर्जन म्हणतात, आधी वजन आणि शुगर खाली आणा, मग तारीख. घरात सगळ्यांना ही टोलवाटोलवी वाटते. वजनामुळे नेमकं काय अडतं? बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, जायची वेळ आली तर तयारी काय ठेवावी?

भूलतज्ज्ञ, फोंडा:
टोलवाटोलवी नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४२ येतो. उताणं झोपवून भूल दिली की पोटाचा भार छातीखालच्या पडद्यावर येतो आणि फुप्फुसातला हवेचा साठा आटतो. त्यामुळे श्वास थांबल्यापासून घशात श्वासाची नळी बसेपर्यंत ऑक्सिजन फार लवकर घसरतो. म्हणून पाठीपासून डोक्यापर्यंत चादरींच्या घड्यांचा चढ रचतात, कानाचं भोक आणि गळ्याखालची छातीच्या हाडाची खाच एका पातळीत येईपर्यंत.

घोरण्याकडे मात्र घरच्यांचं लक्षच नसतं. झोपेत श्वास अडकतो का, दिवसा पेंग येते का, बीपी आहे का, गळ्याचा घेर ४० सेंमीहून जास्त आहे का, हे लिहून न्या. प्रत्येक 'हो'ला एक गुण. घोरणं, पन्नाशी पार आणि बीएमआय ३५ च्या वर, असे तीन गुण आईचे झालेच. पाच झाले तर स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजाराचा, धोका मोठा. अशा पेशंटला ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध जपून द्यावं लागतं. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरत असेल तर ते मास्कसकट न्या.

वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करा. कापण्याआधीच्या तासाभरात देतात ते सेफाझोलिन, म्हणजे जंतुसंसर्ग टाळायचं अँटिबायोटिक, एरवी २ ग्रॅम, १२० किलोपासून ३ ग्रॅम. पण भुलेची सगळी औषधं अख्ख्या वजनावर मोजत नाहीत, काही औषधं चरबीचं वजन वगळून मोजतात. शुगरसाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर आधीच सांगा. त्याने उपाशी असूनही पोटात अन्न उरतं, भुलेत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं.

वॉर्ड सिस्टर, म्हापसा:
बीपीचा पट्टा मोठा मागा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं आणि नको ती गोळी सुरू होते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर परवानगी देतील त्याच दिवशी चालवायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा देऊन बसायचं. सरळ उठलं तर टाक्यांवर ताण. गुठळीविरोधी एनॉक्सापॅरिन एरवी ४० मिग्रॅ दिवसाला एकदा असतं. बीएमआय ४० च्या वर पुष्कळदा दोनदा देतात, चुकून लिहिलं असं समजू नका. पोटाच्या वळीत, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळ्यात, घाम साचून चिघळतं. पावडर नको, तिच्या गुठळ्या होतात. पुसून कोरडं सुती फडकं ठेवा. आधीच लाल झालं असेल तर दाखवा, तिथून जखमेत जंतू जातात.

सर्जन, मडगाव:
चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखमेत पाणी साचणं, पू होणं ठरलेलं नसलं तरी जास्त. वर पोटातला दाब हर्निया बुजवायला बसवलेल्या जाळीवर येतो, हर्निया परत होतो. तिच्या उंचीला बीएमआय ३५ म्हणजे ८५ किलो. तेवढं उतरलं नाही तरी शुगरचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ८ टक्क्यांच्या खाली आणा, ते लवकर जमतं. दोन वेळच्या भाताचं माप निम्मं, हुमणातला (माशांच्या आमटीतला) नारळ कमी, मासे तळून नकोत. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करण्याआधी डोस विचारा, नाहीतर शुगर एकदम खाली जाईल.

थांबायचं नाही अशी एकच वेळ: गाठ कडक झाली, आत जात नाही, दुखते, वर लाली, ओकाऱ्या किंवा गॅस बंद. मग वजन कितीही असो, थेट कॅज्युअल्टी. गाठ दाबून आत ढकलत बसू नका आणि वाटेत पाणीही पाजू नका.