लांबलेलं दुखणं घरात असताना मुलांना कसं सांभाळलंत? अनुभव लिहा

इंदिरानगरहून, एक आई
नमस्कार मंडळी. मिस्टरांचं डायलिसिस सुरू होऊन 3 वर्षं झाली, सोम-बुध-शुक्र, दर वेळी 4 तास आणि जाणंयेणं वेगळं. लेक तिसरीत आहे. तिला आम्ही एवढंच सांगितलेलं की बाबांना बरं नाही म्हणून दवाखान्यात जातात. गेल्या महिन्यात ती शाळेतून आली आणि गुपचूप वॉटरबॅग बेसिनमध्ये ओतताना मला दिसली, भरलेली जशीच्या तशी. आधी रागावलेच मी. मग हळूच म्हणाली, बाबांना दिवसाला पाचच पेले मिळतात ना, मग मी कशी पिऊ? मला गलबलून आलं हो. यांना चहा, ताक, आमटी सगळं धरून लिटरभरच चालतं, त्यासाठी एक स्टीलचा पेला ठरवलेला आहे, आणि ही पोर ओट्याशी उभी राहून रोज ते पेले मोजत होती हे आम्हा दोघांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्याच रात्री झोपताना तिने विचारलं, बाबा मरणार का गं? मी पटकन म्हटलं छे, काहीतरीच काय, झोप बघू. त्यानंतर तिने एकदाही विचारलेलं नाही आणि तेच मला खातंय. तुम्ही मुलांना किती सांगितलं, कोणत्या शब्दात सांगितलं, प्लीज लिहा. पुस्तकी नको, घरातलं सांगा.

सातपूरहून, एक बाबा
ताई, वॉटरबॅगचं वाचून डोळे भरले. आमच्याकडे मिसेसला फिट येतात, मी अंबडला शिफ्टमध्ये असतो, मुलगा 10 वर्षांचा. फिट आली की शेजारपाजारचे धावत येणार, कुणी कांदा आणणार, कुणी चप्पल हुंगवणार, कुणी तोंडात चमचा घालायला बघणार, आणि पोराला आतल्या खोलीत ढकलून दार लावणार. दाराआड त्याने काय काय कल्पना केल्या असतील देव जाणे. शेवटी डॉक्टरांनीच त्याला समोर बसवून शिकवलं, आईला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि 5 मिनिटांच्या वर गेलं तर 108 ला फोन. शिकल्यावर भीती बरीच कमी झाली. पण मग दुसरंच सुरू झालं, रोज सकाळी पोट दुखायचं, शाळेला नको. एकदा गाडीवर मागे बसलेला असताना बोलला, माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, "पप्पा मी शाळेत असताना आली तर घड्याळ कोण बघणार?" मग समोरच्या काकूंना त्याच्यादेखतच सगळं शिकवलं, त्या अकरा वाजता चक्कर मारतात हे त्याला माहितीय. आणि त्याला सांगितलं की मोठं माणूस घरात असलं की तू खुशाल क्रिकेटला जायचं. हे एकदा सांगून भागत नाही, दर पंधरा दिवसांनी परत सांगावं लागतं.

जेलरोडहून
मी त्या मुलांपैकी एक आहे, आता चाळिशीची. आईला बायपोलरचा आजार होता, म्हणजे मन कधी खूप उसळतं तर कधी अगदी खचतं तो, पण हा शब्द मला कॉलेजात गेल्यावर कळला. लहानपणी सगळे एकच सांगायचे, आईला त्रास देऊ नकोस. म्हणजे आई आठ-आठ दिवस पलंगावरून उठत नाही ती मी त्रास दिला म्हणून, असंच मी धरून चालले. मी सहावीत पहिली आले ते आईला बरं वाटावं म्हणून, आणि तरी नाही वाटलं तेव्हा माझा अभ्यासच सुटला. शाळेत बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, घरी काही प्रॉब्लेम आहे का गं? मी नाही म्हटलं, काय म्हणणार. मला तारलं ते मावशीने. ती रविवारी यायची, मला सोमेश्वरला घेऊन जायची, धबधब्यापाशी बसून भेळ खायची आणि आईबद्दल एक अक्षर विचारायची नाही. चौथ्या-पाचव्या वेळी मीच बोलायला लागले. तेव्हा ती म्हणाली, हा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही आणि तुझ्या मार्कांनी बरा होणारही नाही, त्याला डॉक्टर आहेत. हे वाक्य मला दोन वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. आता तरी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, घरच्यांनीसुद्धा फोन करावा.

दिंडोरीजवळून
आमच्या मंडळींना संधिवात आहे, म्हातारपणीचा गुडघ्यांचा नाही, ऐन तिशीत आलेला, बोटांच्या सांध्यांचा. सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि मुलीच्या वेण्या सकाळीच घालायच्या असतात. ती शेजारी जाऊन वेण्या घालून यायला लागली तेव्हा आईला फार लागलं. मग मी शिकलो. द्राक्षाची छाटणी करणारा हात आहे माझा, वेणी काही जमेना, महिनाभर वाकडीच. आता आई बाजूला बसून सांगते, घट्ट ओढ, मधला पेड आधी घे, रिबिन तीच निवडते. मुलीला आईच वेणी घालते असंच वाटतं.

गंगापूर रोडहून, प्राथमिक शिक्षिका
जेलरोडच्या ताई, वाचून वाईट वाटलं. पालकांनो, वर्गशिक्षिकेला आधीच एकटीला गाठून सांगा, आम्ही वर्गात बोलत नाही पण डबा तसाच परत जातोय, मूल पेंगतंय याकडे लक्ष ठेवतो. मुलं आमच्याकडे हळूच विचारतात ते बहुतेक हेच, मलापण होईल का, आणि आईला काही झालं तर माझा डबा कोण करणार. दुसरा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्याला आत्या की आजी असं नाव घेऊनच उत्तर द्या.

देवळाली कॅम्पहून
इंदिरानगरच्या ताई, मी स्वतः डायलिसिसवर आहे म्हणून लिहितो. तिला मिस्टरांनाच सांगू द्या. माझ्या मुलाने विचारलं तेव्हा मीपण आधी टाळलं होतं. मग एका रविवारी त्याला फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात त्या जागेवर, हलकंच बोट ठेवू दिलं, आत घरघर लागते ना. म्हटलं, माझ्या किडन्या रक्त गाळत नाहीत म्हणून मशीन गाळतं, या हाताने मी तुला उचलत नाही ते याच्यासाठी. तो म्हणे मला वाटलं मी जड झालो म्हणून तुम्ही उचलत नाही. मरण्याचं विचारलं तेव्हा सांगितलं, आजार मोठा आहे, पण आज मी बरा आहे आणि ज्या दिवशी जास्त बिघडेल त्या दिवशी तुला मी नाहीतर आई सांगेल, बाहेरच्याकडून कळणार नाही. तेवढा शब्द मी पाळतो, अॅडमिट व्हायचं असलं तरी निघताना सांगून निघतो.

इंदिरानगरहून, पुन्हा मी
सगळ्यांचे मनापासून आभार. देवळालीचे दादा, तुमचं लिहिलेलं यांना वाचून दाखवलं. काल यांनी लेकीला जवळ घेतलं, बोट ठेवायला दिलं. म्हणाली, आत मांजर आहे का? मग बराच वेळ गप्प, आणि मग तोच प्रश्न, आणि यांनी सांगितलं, जवळजवळ तुमच्याच शब्दात. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर आले नाही. मग यांनी स्वतः उठून तिला पेलाभर पाणी दिलं, त्यांचा पेला नाही, काचेचा मोठा, आणि ती त्यांच्याकडे बघत बघत सगळं प्यायली. आज शाळेतून वॉटरबॅग अर्धी आली. बेसिन कोरडं होतं, बघितलं मी.