उशीर न्यूट्रॉनचा नाही, बीटा-क्षयाचा

अणुभट्टीवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की विलंबित न्यूट्रॉन (केंद्रक फुटताक्षणी न येता काही वेळाने येणारे न्यूट्रॉन) उशिरा येतात, कारण न्यूट्रॉनला केंद्रकातून सुटायला वेळ लागतो. मला ते पटत नाही. न्यूट्रॉनवर भारच नसल्यामुळे त्याला कूलॉमचा, म्हणजे विद्युत बलाचा, अडथळा नसतो. पुरेशी ऊर्जा असली की तो जवळजवळ त्याच क्षणी निसटतो. वेळ खातो तो आधीचा बीटा-क्षय, म्हणजे केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडणं. अणुभट्टीतलं ब्रोमीन-८७ घ्या, अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं क्षय पावायला लागणारा वेळ) सुमारे ५५ सेकंद. बीटा-क्षयानंतर त्याचं क्रिप्टॉन-८७ होतं आणि त्यात न्यूट्रॉन ५१, म्हणजे ५० न्यूट्रॉनांच्या भरलेल्या कवचाबाहेर एकच, भरलेल्या एसटीच्या दारात लटकणाऱ्या प्रवाशासारखा. त्याला सोडवायला साधारण ५.५ एमईव्ही (केंद्रकाच्या ऊर्जेचं एकक) लागतात, तर बीटा-क्षयात एकूण ६.८ च्या आसपास उपलब्ध असतात. त्यामुळे क्रिप्टॉन ऊर्जेच्या फार वरच्या पातळीवर जन्मला तरच न्यूट्रॉन सुटतो, शंभरात दोन-तीन वेळा. एरवी गॅमा किरण.

चर्चेत फक्त अणुभट्टीच आली, म्हणून लिथियम-११ बद्दल सांगतो. ३ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन आणि अर्धायुष्य ९ मिलिसेकंदांहूनही कमी. इथे बीटा-क्षयाची ऊर्जा वीस एमईव्हीच्या वर जाते, आणि नव्या बेरिलियम-११ मधला शेवटचा न्यूट्रॉन जेमतेम अर्ध्या एमईव्हीने बांधलेला. साहजिकच न्यूट्रॉन सुटणं हाच इथे नियम. कधी दोन, क्वचित तीनही सुटतात. आर-प्रक्रियेतली (अवकाशात झपाट्याने न्यूट्रॉन गिळून जड मूलद्रव्यं बनण्याच्या प्रक्रियेतली) केंद्रकं स्थैर्याकडे परतताना असेच न्यूट्रॉन गमावतात, त्यामुळे जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाचं गणित करताना ही गळती धरावीच लागते.