यवतमाळहून नागपूरला आलो, विधानसभेच्या यादीतलं नाव इकडे कसं आणायचं?

बेसावाला :
नाव यवतमाळ मतदारसंघाच्या यादीत आहे, कार्ड पण आहे. आता राहणं नागपुरात बेश्याला, भाड्यानं. घराचा करार ११ महिन्यांचा, नोटरी केलेला. वीजबिल घरमालकाच्या नावावर. विचारायचं हे की नवीन नोंदणी करायची का जुनंच नाव हलवायचं? मुलीला येत्या मे महिन्यात १८ पूर्ण होतात, तिचा फॉर्म आत्ता घेतात का? आईचं वय ८७, तिला बूथपर्यंत नेणं जमत नाही. तिचंही नाव तिकडेच आहे.

तर्री_जास्त :
फॉर्म ६ भरा भाऊ, दहा मिनिटांचं काम आहे. यवतमाळचं नाव कटते मागाहून आपोआप.

महालकर :
आपोआप काही कटत नाही, अन् हा सल्ला महागात पडू शकतो. फॉर्म ६ ज्याचं नाव देशात कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी आहे. त्यात तसं लिहून द्यावं लागतं. नाव असताना ते लिहून दिलं तर खोटं निवेदन होते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

तुम्हाला आणि आईला लागतो फॉर्म ८. पत्ता बदलणं, नाव-वय-फोटोची दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद, हे सगळं २०२२ पासून त्याच एका फॉर्मवर होते. मतदारसंघ बदलत असला तरी तोच. कार्डावरचा नंबर कायम राहतो, नव्या पत्त्याचं कार्ड टपालानं येते. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ॲपवर मोबाइलनं लॉगिन करा, कार्डाचा नंबर टाका, 'निवासस्थान बदल' निवडा आणि पुढं 'मतदारसंघाबाहेर'. शेवटी संदर्भ क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. त्याच्याशिवाय अर्ज कुठं अडकला ते कळायचं नाही.

आता बेश्याचा घोळ. पत्ता सांगताना सगळे नागपूर म्हणतात, पण बेसा-बेलतरोडी भाग विधानसभेला कामठीत मोडतो. तसंच वाडी हिंगण्यात. जिल्ह्यात १२ मतदारसंघ, त्यातले शहराचे सहा : दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. यादीतून सवयीनं 'नागपूर दक्षिण' निवडलं की अर्ज भलत्याच नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो आणि नामंजूर होऊन परत येतो. शेजारच्या कोणाचं कार्ड बघून मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक (यादीचा तुमच्या बूथपुरता भाग) आधी पक्का करा.

पाटणकर_चौक :
कागदांचं मी सांगतो, कारण जास्त अर्ज तिथंच पडतात. भाडेकरार नोंदणीकृत पाहिजे, नोटरीचा धरत नाहीत. वीज, पाणी किंवा गॅसचं बिल त्या पत्त्याचं आणि स्वतःच्या किंवा आई-वडील, पती-पत्नी, सज्ञान मूल यांच्यापैकी कोणाच्या नावाचं असावं लागते. घरमालकाच्या बिलाचा उपयोग नाही. सोपा मार्ग म्हणजे बँकेच्या पासबुकावर किंवा आधारवर आधी बेश्याचा पत्ता चढवून घ्या आणि मग फॉर्म ८ भरा. कागद अजिबातच नसेल तरी अर्ज करता येतो, मग मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या म्हणजे बीएलओच्या घरभेटीवर सगळं ठरते.

बीएलओ बहुतेक वेळा शाळेचे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. ते आले अन् दाराला कुलूप, तर 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा पडतो आणि अर्ज तिथंच मरतो. फॉर्मवर चालू मोबाइल नंबर द्या, फोन आला तर उचला, घरमालकाला सांगून ठेवा. बीएलओचा नंबर पोर्टलवर मिळतो. तुम्हीच आधी फोन केला तर उत्तम.

आणखी एक. इंग्रजीत नाव टाइप केलं की मराठी रकान्यात ते आपोआप उमटते, आणि तिथं वानखडेचे वानखेडे, ढोकचे धोक होऊन राहिले. मराठी रकाना हातानं सुधारा. नाही तर छापील कार्डावरची चूक काढायला पुन्हा फॉर्म ८.

मुलीचा फॉर्म ६ आत्ता चालतो. वयाच्या पात्रतेच्या तारखा वर्षात चार : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. मेमध्ये १८ म्हणजे १ जुलै धरून नाव येईल. १७ पूर्ण असले की आगाऊ अर्ज घेतात. जन्माचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र जोडा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा.

बेसावाला :
समजलं. पण हे सगळं निवडणूक जाहीर झाल्यावर केलं तर?

महालकर :
उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काहीच बदलत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस जातात, म्हणून त्या तारखेच्या दहाएक दिवस आधी अर्ज दिलेला पाहिजे. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरचं, पण उमेदवारीचा शेवटचा दिवस होता २९ ऑक्टोबर. त्यातून दहा दिवस मागं मोजा, म्हणजे दिवाळीआधीच दार बंद.

आईंसाठी घरून मतदान आहे. वय ८५ च्या वर किंवा दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून पुढं असेल तर फॉर्म १२-ड. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. पथक मतपत्रिका घेऊन घरी येते; पहिल्यांदा भेट झाली नाही तर दुसऱ्यांदा येते, तिसऱ्यांदा नाही. एकदा हा मार्ग घेतला की बूथवर मत देता येत नाही. त्यांचं नाव यवतमाळलाच राहिलं तर पथक बेश्याला येणार नाही, म्हणून त्यांचा फॉर्म ८ सगळ्यात आधी. यादीत वय किती छापलं आहे तेही बघा. तिथं ८२ असेल तर ८७ चं तोंडी सांगून भागत नाही.

धंतोलीतला :
मतदानाच्या दिवसाचं थोडक्यात. कार्ड म्हणजे मत नाही, यादीत नाव म्हणजे मत. आदल्या आठवड्यात यादी भाग आणि अनुक्रमांक बघून ठेवा. एकाच शाळेत चार-पाच खोल्या असतात अन् लोक भलत्याच रांगेत तास घालवतात. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा फोटोचं पासबुक चालते. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात काचेमागं मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचून मगच हला. तुमच्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर देतात आणि लिफाफ्यात वेगळं ठेवतात. वेळ संपताना रांगेत असाल तर शेवटच्या माणसापासून पुढं क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, तेवढ्यांना मत देऊ देतात.

तर्री_जास्त :
माझा सल्ला मागे. अन् महापालिकेसाठी वेगळा फॉर्म लागते का?

महालकर :
नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, पण यादी विधानसभेचीच, प्रभागवार फोडलेली. प्रभागात चार जागा असतील तर चार मतं द्यावी लागतात. बेसावाल्यांना मात्र हा प्रश्न येत नाही, बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे.