नदीकाठची देशी झाडी: वाट करायची की वाट लावायची?

काठावरची
पुण्यात बाणेरजवळ राम नदी मुळा नदीला मिळते, तिथल्या झाडीबद्दल हा धागा. नदीकाठाने चालायला येणारे लोक वरची वाट सोडून खाली या झाडीत उतरतात. काहींचं म्हणणं, कुंपण घाला. काहींचं म्हणणं, फरसबंद वाट काढा. झाडं वाचवा म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्यात चिपको मोर्चा निघाला होता. पण वाचवायचं नेमकं काय, हे जवळून किती जणांनी पाहिलंय?

माझं मत: लोकांना आत येऊ द्या. मात्र एकाच मातीच्या पायवाटेने, सव्वा मीटर रुंद, आणि फक्त नोव्हेंबर ते मे.

आत गेल्यावर बघण्यासारखं बरंच आहे. करंजाची चपटी, टणक शेंग हातात घ्या. आत बहुधा एकच बी असतं आणि शेंग पाण्यावर तरंगते, म्हणूनच करंज काठाकाठाने पसरतो. त्याच्या पानांवर फोडांसारख्या गाठी दिसतील. तो रोग समजून कोणी फवारणी सुचवली तर हात जोडा. बारीक कोळी किडींमुळे येतात त्या, झाडाला काही होत नाही. वाळुंजाचं पान लांबट आणि मागून पांढुरकं, वारा आला की अख्खं झाड चमकतं. अर्जुनाचं खोड फिकट, गुळगुळीत, त्याचे पापुद्रे निघतात. फळाला पाच पंख. ऐन हा वृक्ष त्याचाच भाऊबंद, पण त्याची साल मगरीच्या पाठीसारखी, दोघांत गल्लत होऊ नये. खाली खडकांच्या फटींत शेरणीचं झुडूप. पूर आला की लवतं, ओसरला की उभं राहतं.

गाळमाती
वर्णन छान, पण निष्कर्ष पटला नाही. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. इथली माती पुराने आणून टाकलेली, पोकळ. तिच्यावर पावलं पडली की पोकळ्या बंद होतात, हवा आणि पाणी आत जात नाही, मुळं गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो. तोवर "कीड लागली असेल" म्हणून सगळे मोकळे.

शिवाय नोव्हेंबर ते मे खुलं ठेवायचं म्हणता? टिटवी मार्चपासून काठच्या गोट्यांत उघड्यावर अंडी घालते. अंडी गोट्यांच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. खंड्या नदीच्या उभ्या कडेत बीळ खणतो. त्याच कडेवरून लोक घसरत खाली उतरतात आणि कड ढासळते. वर चालायला प्रशस्त वाट आहे ना? तिथूनच बघा.

काठावरची
@गाळमाती, माती दबण्याबद्दल तुमचं बरोबर, आणि नेमकं त्याचमुळे मी एकच वाट म्हणते. सगळ्यात जास्त माती दबते ती पहिल्या काही फेऱ्यांत. एकाच रेषेवरून पन्नास माणसं गेली तर तो पट्टा जातो, बाकीची माती वाचते. वाट आखलीच नाही तर तीच पन्नास माणसं पन्नास ठिकाणांहून जातात. आज तेच चाललंय.

ओल ओळखायची साधी खूण: मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. भुगा झाला तर चाला. गोळा तसाच राहिला, बोटाला चिकटला, तर त्या दिवशी आत जायचं नाही, तारीख काही का असेना.

टिटवीचा मुद्दा मान्य. मार्चपासून गोट्यांचा पट्टा आणि उभी कड पूर्ण बंद. वाट वरच्या अंगाला करंज-अर्जुनातूनच फिरवायची.

सकाळचा_फेरफटका
मातीची वाट म्हणजे ज्येष्ठ नागरिक आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांना दार बंद, असंच ना? पेव्हर ब्लॉक टाका की. फटींतून पाणी मुरतं, चिखल होत नाही. "निसर्गप्रेम" फक्त धडधाकट लोकांनाच परवडतं असं दिसतंय.

गाळमाती
पेव्हर ब्लॉक नुसता मातीवर ठेवत नाहीत, साहेब. ब्लॉक 60 मिमीचा, त्याखाली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), त्याखाली खडीचा थर आणि वर रोलर. म्हणजे पाऊण-एक फूट खोदाई, तीही बारीक मुळं असतात त्याच थरात. मोठं मूळ आडवं आलं की ठेकेदाराचा माणूस पहारीने तोडतो, त्याला तरी काय सांगणार? वाट सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना काँक्रीटची कड लागते, ती वेगळीच. पहिल्या मोठ्या पुरात ब्लॉकखालची वाळू निघून जाते आणि ब्लॉक नदीत. तो राडारोडा काढायला पुन्हा यंत्र आत आणायचं का?

निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. ही झाडी निळ्या रेषेच्याही आत येते. तिथे पक्कं काही टिकेल ही अपेक्षाच चूक.

काठावरची
चाकाच्या खुर्चीचा प्रश्न मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. वरच्या पक्क्या वाटेवरच, झाडी जिथे सगळ्यात जवळ येते तिथे, कठड्यासह सपाट जागा करता येईल. उंबर तिथूनही दिसतो. फळं खोडालाच लगडतात, त्यामुळे खाली उतरायची गरजच नाही. फळं पिकलेली असताना सकाळी सात-साडेसातला पंधरा मिनिटं बसून राहिलं तरी पाखरांची ये-जा दिसते.

पानगळ
कुंपणवाल्यांना एक विचारायचंय. जिथे माणसांची वर्दळ नाही तिथे रात्री काय येऊन पडतं? बांधकामाचा राडारोडा. ट्रॉलीभर विटा-सिमेंट खोडाशी ओतलं की खोडाची साल कुजते, चार पावलांनी होईल त्याच्या शंभरपट नुकसान. रोज फिरायला येणारी माणसं हीच सगळ्यात स्वस्त राखण.

आणि आत येणाऱ्यांनी "स्वच्छता" जपून करावी. प्लॅस्टिक उचला, पालापाचोळा नको. तो झाडून पेटवला की मातीची ओल जाते आणि नवी रोपं जळतात. वठलेली फांदीही राहू द्या, तांबट त्यातच भोक पाडून घरटं करतो. स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावणाऱ्यांना तर सरळ बाहेर काढावं.

सकाळचा_फेरफटका
बरं, पावसाळ्यात कधी जायचं नाही हे कसं कळणार? खडकवासला धरणाचा विसर्ग बघायचा का?

काठावरची
नाही, इथेच बरेच जण चुकतात. खडकवासला मुठेवर. त्याचं पाणी संगम पुलाजवळ मुळेला मिळतं, ते या जागेच्या खूप खाली. पवनाही दापोडीला मिळते, तीही खालीच. इथे मोजायचं ते मुळशी धरणाचं पाणी आणि राम नदीच्या पाणलोटातला, म्हणजे भूगाव-बावधन-पाषाण भागातला पाऊस. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला का, यावरून इथला अंदाज बांधू नका. राम नदी छोटी, बरीचशी सिमेंटच्या वस्तीतून येते, त्यामुळे जोराच्या सरीनंतर तिचं पाणी झपाट्याने चढतं.

पूर किती चढतो हे बघायचं तर नोव्हेंबरात फांद्यांवर अडकलेल्या पिशव्या आणि चिंध्या बघा. डोक्याच्या वर लटकलेल्या दिसल्या की बाकी समजावून सांगायला लागत नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, सांडपाणी मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

खोडवा
सगळे "देशी झाडी" म्हणताय, पण निम्मी परदेशी सुबाभूळ आहे त्याचं काय? तीही जपायची का? मी तर म्हणतो एका उन्हाळ्यात सगळी तोडा आणि पावसाळ्यात देशी रोपं लावा.

गाळमाती
असं केलंत तर जुलैत काठ नदीत जाईल. आवडो न आवडो, माती आज सुबाभळीच्याच मुळांनी धरलीय. पाच बाय पाच मीटरचे तुकडे घ्या, एकाला एक लागून नकोत. नुसतं तोडून भागत नाही, बुंध्याला फुटवे येतात; महिना-दीड महिन्याने खुडत राहावं लागतं, निदान दोन वर्षं. मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवतं, ती रोपं जुलैत माती मऊ असताना मुळासकट उपटायची.

जागेवर काय लावायचं तेही बघा. पाण्याच्या कडेला वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दीड-दोन फुटी काड्या, दोनतृतीयांश ओल्या गाळात खुपसून. कुठलं टोक खाली हे विसरू नका, उलटी काडी सहसा लागत नाही. वरच्या अंगाला करंज आणि अर्जुन. अर्जुनाचं बी दोन दिवस पाण्यात भिजवून पेरा. जांभळाचं बी ताजंच हवं, आठ-पंधरा दिवस ठेवलं की उगवणं कमी होत जातं. हे सगळं याच काठावरच्या झाडांच्या बियांपासून, रोपवाटिकेतून ट्रक भरून नाही.

खोडवा
आणि हे करायला माणसं कुठून आणणार? कुंपणाच्या बाहेरून?

गाळमाती
...ठीक आहे. महिन्यातून दोन रविवार, आठ-दहा जणांचा गट, आखलेल्या वाटेनेच. मार्चपासून गोट्यांकडे फिरकायचं नाही. पण वाट सव्वा मीटर कशाला, दोन फूट पुरे. शेजारी शेजारी चालत गप्पा मारायच्या असतील तर वरचा रस्ता आहेच.

काठावरची
दोन फुटांत समोरून कोणी आलं की एकजण झाडीत पाऊल टाकतो आणि कड रुंदावत जाते. आत जायची एक वाट आणि बाहेर यायची दुसरी ठेवणार असाल तर दोन फूट मान्य.